न लावलेला कौल

देवळात जाताना माझ्या मनात भक्ती नव्हती, संताप होता. माझ्या दीड वर्षांच्या मुलाला तीनदा न्यूमोनिया झाला होता. कान सतत वाहायचा, औषध थांबलं की आठ दिवसांत पुन्हा ताप. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मागे विचारलं होतं, घरात कुणाची मुलं अशी दगावली आहेत का? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाय हो, आमच्याकडे कोण नाय." मीही माहेरचं नाव काढलं नाही. घर म्हणजे सासर, हे माझ्याही अंगात भिनलेलं. दुखणं मात्र माझ्या माहेरचं ठरलं! तिकडच्या देवीचं काहीतरी राहिलंय, कौल लावून ये, असं मलाच फर्मावलं.

पोराला कडेवर घेऊन मी संगमेश्वराकडच्या माहेरच्या गावी गेले. पाषाणाला पाकळ्या चिकटवून देवीला प्रश्न विचारायचा, उजवीकडची पाकळी पडली की तिचा होकार. हे काम गुरवकाका वर्षानुवर्षं करतात. त्यांनी पाकळ्या भिजवल्या, मुलाच्या कानातला कापूस पाहिला आणि तबक खाली ठेवलं.

"तुझ्या आधीच्या दोन भावांचा कौल मीच लावलेला गो. असेच कान वाहायचे, असाच खोकला. दोन्ही वेळा उजवा झाला, आणि दोघंही गेले. आता माझा हात चालत नाय. जा, डॉक्टरला हे सांग."

माझ्याआधीची मुलं जगली नाहीत, एवढंच आई बोलली होती. ती कशी गेली, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी ऐकलं आणि लगेच रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडीज त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच. जन्मजात दोष, आईकडून मुलग्यांत उतरणारा. आता दर महिन्याला त्या शिरेतून देतात. पोरगा अंगणभर धावतो.

'आईकडून' एवढाच शब्द सासूबाईंनी उचलला. दोन मुलगे मातीत ठेवलेल्या माझ्या आईलाही लोकांनी असंच टोचून खाल्लं असेल, या विचाराने अजून माझं डोकं तापतं. पण त्या दिवशी काकांचा हात कुणी थांबवला, ते मी विचारत बसत नाही. माझं लेकरू वाचलं. देवीपुढे डोकं टेकायला मला एवढं पुरे.

गेल्या महिन्यात ओटी भरायला गेले. काका गाऱ्हाणं घालू लागले, "लेकीचं काय चुकलंमाकलं असेल तर..."

मी त्यांना थांबवलं. "काका, पोराला सांभाळ म्हणा. आम्ही दोघं तिच्या स्वाधीन आहोत म्हणा. पण माझं आणि माझ्या आईचं काही चुकलेलं नाही."

काकांनी क्षणभर देवीकडे पाहिलं, आणि ते वाक्य गाळून गाऱ्हाणं पुरं केलं.