स्विचमागची रबरी पट्टी

बुधवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी फिटरकाका खोकी कापणाऱ्या मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. एरवी या वेळी शेजारच्याशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आज पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या तेही ऐकू येत होतं.

आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी तीन चाळीसला, एक लोखंडी सळई चालत्या रुळांमध्ये गेली होती. खालचा रूळ वाकला, चक्राचे चार दात उडाले आणि मशीन बसलं. नवा रूळ यायला तीन आठवडे. सळई ज्या बाईच्या हातून गेली ती दुसऱ्या पाळीची ऑपरेटर. युनियनची चिटणीस असल्यामुळे सगळा कारखाना तिला सेक्रेटरी म्हणतो. अडकलेला पुठ्ठा सळईने काढायला झाकण उघडलं, झाकण उघडूनही मशीन थांबलं नाही, हात मागे खेचला आणि सळई आत गेली, असं तिचं म्हणणं.

झाकण उघडलं की मशीन थांबायलाच हवं. त्यासाठी झाकणाखाली बोटाएवढा स्विच आहे. झाकण त्याला दाबून धरतं. उघडलं की स्विच सुटतो आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं.

काकांनी त्या स्विचपाशी बॅटरी नेली. झाकण उघडं होतं, तरी स्विच दाबलेलाच होता. त्याच्या फटीत जुन्या पट्ट्यातून कापलेली रबराची पट्टी खोचलेली होती. तिरकी कापलेली. असं तिरकं कापणारा माणूस कारखान्यात एकच.

काका सत्तावन्न वर्षांचे. कारखान्यात एकतीस वर्षं, त्यातली बावीस या मशीनपाशी. मशीनचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगतात. घरातला आवाज ऐकून मात्र कधी काही कळलं नाही, अशी बायकोची तक्रार. आठ महिन्यांपूर्वी तो स्विच सैल झाला. मशीन थरथरलं की झाकण बंद असतानाच सुटायचा. एका पाळीत वीस-वीस वेळा मशीन बंद. काकांनी नवा स्विच तीनदा मागितला. साहेब म्हणाले, "मागणी पाठवलीय. तोवर मशीन थांबता कामा नये. कसं ते तुमचं तुम्ही बघा." काकांनी बघितलं. सकाळी पाळी सुरू झाली की पट्टी खोचायची, दोनला पाळी सुटताना काढून खिशात टाकायची. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरला हे ठाऊक होतं. तो लाल बटण दाबल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या पाळीला ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या पाळीत पट्टी नसायचीच; मशीन बंद पडलं की ते पुन्हा चालू करायचे. खिसा चाचपायचा, रबर लागलं की घरी निघायचं, असा काकांचा आठ महिन्यांचा नेम. मंगळवारीही त्यांनी खिसा चाचपला होता. रबर लागलं होतं. मग ही पट्टी इथे कशी?

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी पट्टी काढली आणि खिशात घातली.

नऊ वाजता साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. वर लाल अक्षरांत विषय: यंत्राचा घातपात. खाली चार ओळी. ऑपरेटरने चालत्या यंत्रात लोखंडी सळई टाकली. सुरक्षा स्विच तपासला असता चालू अवस्थेत आढळला. सबब यंत्र थांबले नाही हा ऑपरेटरचा खुलासा खोटा आहे. त्याखाली फिटरच्या सहीची जागा.

"स्विच तपासलात ना?" साहेबांनी विचारलं.

"तपासला."

"चालतो?"

"आत्ता चालतो."

"झालं तर. करा सही."

काकांनी चष्मा पुसला. "साहेब, घातपात म्हणजे नेमकं काय हो?"

साहेब हसले. "काका, एकतीस वर्षं झाली आणि आज शब्दाचा अर्थ विचारताय? नियमावलीत लिहिलंय. कामगाराने जाणूनबुजून, नुकसान करण्याच्या हेतूने केलेलं कृत्य."

"आणि हेतू कसा कळतो?"

"माणूस बघून कळतो," साहेब म्हणाले. "गेल्या महिन्यात ओव्हरटाइम नको म्हणून दोनशे सह्या कुणी गोळा केल्या? या महिन्यात मशीन कुणाच्या हातून मोडलं? जोडा की." मग आवाज उतरवून, "तुम्ही घरचे माणूस. गेल्या वर्षीच्या संपात एकटे कामावर आलात ते मी विसरलेलो नाही. दीड वाजेपर्यंत कागद द्या. दोनला ती आली की तिच्या हातात बडतर्फीचं पत्र ठेवायचंय."

साडेअकराला काका जेवायला घरी गेले. कारखान्यामागेच कंपनीच्या दोन खोल्या. आत पलंगावर सासूबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. बायकोने ताट वाढलं आणि ताटाशेजारी एक रबराचा तुकडा ठेवला.

"हे काय?"

"तुमच्याच पँटच्या खिशात होतं, कालच्या. धुवायला टाकताना सापडलं. किती वेळा सांगितलं, कारखाना खिशात घालून आणत जाऊ नका."

काकांनी तुकडा हातात घेतला. कड झिजून दोरे निघालेले. तेव्हा त्यांना आठवलं. मंगळवारी सकाळी जुनी पट्टी घसरायला लागली म्हणून त्यांनी नवी कापून खोचली होती आणि जुनी खिशात टाकली होती. दोन वाजता हाताला जे रबर लागलं ते हे.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"अहो, झालंय काय?"

काकांनी सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं, बायको देऊन आली, पुन्हा समोर बसली.

"पट्टी कुणी पाहिली?"

"कुणी नाही."

"निवृत्तीला दहा महिने राहिलेत तुमचे. काढून टाकलं तर महिन्याभरात ही जागा सोडावी लागते. आईला उचलून न्यायचं कुठे?"

"ते माहीत नाही."

"मग?"

"कागदावर लिहिलंय, स्विच चालू आढळला. खोटं नाही ते. मीच सकाळी चालू केला. सही केली तर माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"ती बाई तुम्हाला गेल्या वर्षी सगळ्यांसमोर काय म्हणाली होती?"

"साहेबांचं पायपुसणं."

"आणि तिच्यासाठी तुम्ही—"

"तिच्यासाठी नाही गं. तिचा माझा काय संबंध? पण ती म्हणते झाकण उघडूनही मशीन थांबलं नाही. आणि ते थांबलं नाही, हे मला माहीत आहे."

बायको उठली. "जेवून जा," एवढंच म्हणाली. काका जेवले नाहीत.

एक वीसला ते साहेबांच्या खोलीत गेले. कागदावर सहीच्या जागेवर त्यांनी सही केली नाही. त्याच्या खाली, लहान मुलासारख्या सुट्या अक्षरांत लिहिलं: मंगळवारी सकाळी स्विचमध्ये रबरी पट्टी मी लावली. मशीन चालू राहावं म्हणून. पाळी सुटताना काढायची राहून गेली. बुधवारी सकाळी काढली. मग सही केली आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी दोनदा वाचलं. "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे."

"हे खोडा. मी नवा कागद टाइप करून घेतो."

"नको."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग पेन घेऊन त्यांनी विषयातला 'घातपात' खोडला आणि वर लिहिलं: 'निष्काळजीपणा'. "तुमचा हेतू वाईट नव्हता, एवढं मी लिहीन. पण चौकशी होणार. तोवर कामावर यायचं नाही."

काकांनी त्या खोडलेल्या शब्दाकडे पाहिलं. "साहेब, बाईंना विचारलंत का, त्यांचा हेतू काय होता?"

"त्यांचं वेगळं आहे," साहेब म्हणाले. बडतर्फीचं पत्र मात्र त्यांनी खणात टाकलं. काकांचा कबुलीजबाब हातात असताना ते देऊन चालणार नव्हतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना काका गेटमधून बाहेर पडत होते, तेवढ्यात सेक्रेटरी आली. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज बांधलेलं. कुणीतरी आधीच बातमी पोचवली असावी. ती सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली.

"या, काका! सकाळपासून मी घातपाती होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, घरातल्या मिक्सरला तेवढा हात लावू नका." आजूबाजूचे हसले. ती हसली नाही. "ऐकलं ते खरं आहे? पट्टी तुमची?"

"माझी."

"रोज लावता?"

"रोज. दोनला काढतो. काल राहिली."

"राहिली." तिने बांधलेला हात वर केला. "रूळ माझी बाही ओढत होता, काका. बाही फाटली म्हणून हात बाहेर आला. चांगल्या कापडाचा ब्लाउज घातला असता तर आज तुम्ही मला हॉस्पिटलात भेटायला आला असतात. का आला असता, कोण जाणे."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे. साहेब मला बुडवायला निघाले होते ते समजतं. ते उघड वैर. तुम्ही तर माझं वाईटही चिंतलं नाहीत, आणि हात मात्र जाता जाता राहिला. आता याला काय म्हणायचं?"

काकांनी सवयीने रिकामा खिसा चाचपला. ती आभार मानेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पण कुठेतरी असावी, कारण ती तोंड फिरवून आत गेली तेव्हा त्यांना ते लागलं.

काका घरी परतले. सासूबाईंना कुशीवर वळवायला बायकोने त्यांना हाक मारली, आणि दोघांनी मिळून त्यांना वळवलं.

संध्याकाळी पाच वाजता कारखान्याच्या फळ्यावर गुरुवारच्या पाळ्या लागल्या. पहिली पाळी, सकाळी सहा: फिटरच्या रकान्यात दुसऱ्या पाळीच्या फिटरचं नाव. खोकी कापणारं मशीन: बंद. त्याखाली वेगळ्या अक्षरात: चौकशी, सकाळी साडेदहा, कार्यालय. हजर राहायचं दोघांनी, फिटर आणि ऑपरेटर.