गाडी कोण चालवत होतं?

त्या सकाळी वारा असा सुटला होता की दुकानाबाहेर वाळत घातलेलं अस्तर रस्ता ओलांडून समोरच्या सायकलींवर जाऊन बसलं. पडदे शिवणाऱ्या मास्तरांना वाऱ्याचा कधी राग येत नाही. वारा आला की लोकांना आपल्या खिडक्या आठवतात, असं त्यांचं म्हणणं. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या अशा नेहमीच्या थाटात ते लांब टेबलावर शेवटच्या पडद्यावरून इस्त्री फिरवत होते. टाचण्या ओठांत ठेवूनच ते बोलतात. गिऱ्हाईकाला त्यातलं अक्षर कळत नाही. मास्तरीणबाईंना सगळं कळतं, बोललेलं आणि गिळलेलंही.

"अहो, पाइप राहिले," बाई म्हणाल्या.

"हं."

"हं काय? गाडी भाड्याची आहे. उशीर झाला तर ती वाट बघणार नाही."

मास्तरांची स्वतःची गाडी, जिला घरात सगळे 'म्हातारी' म्हणत, गॅरेजात आडवी झाली होती. म्हातारीचा हँडब्रेक कित्येक वर्षं नुसता शोभेला होता. बाई त्यावर पर्स अडकवायच्या. गाडी उभी करायची झाली की मास्तर ती गिअरमध्ये टाकून सोडत. तोंड चढाकडे असलं तर पहिला, उताराकडे असलं तर रिव्हर्स. आजवर म्हातारी एक वीतही हलली नव्हती. आणि पडद्याचे पाइप डिकीत न मावण्याइतके लांब, म्हणून ते मागच्या दारातून सरकवत पुढच्या दोन सीटांच्या मधून थेट काचेपर्यंत न्यायचे, ही बाईंची पद्धत. म्हातारीचा गिअर स्टिअरिंगच्या खाली, बाजूला. मधली वाट मोकळी. दोघांनाही ह्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "आणखी कुणी चालवणार आहे का? चालवणार असेल तर नाव घालावं लागेल. नाव नसलेल्याने चालवली तर विमा मिळत नाही."

"ही?" मास्तर हसले होते. "हिला गाडी येत नाही. मी कशी चालवतो तेवढं येतं."

"आणि जास्तीचा विमा? तो घेतला तर ठोकरीच्या खर्चातला तुम्ही भरायचा पहिला वाटाही माफ."

"अहो, मी जन्मात कुठे ठोकली नाही."

बाईंनी तेव्हाच त्यांच्याकडे बघितलं होतं. ते बघणं त्यांनी नंतर वापरायला जपून ठेवलं.

पडदे द्यायचे होते उतारावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मास्तरांनी गाडी खाली तोंड करून लावली, सवयीने रिव्हर्स गिअर टाकला, सवयीनेच हँडब्रेककडे ढुंकून पाहिलं नाही. सगळे पाइप उतरवून मापाच्या चिठ्ठीशी ताडले तेव्हा कळलं की एका खोलीचे पाइप लांबीला जास्त आहेत. ते परत न्यायचे. मास्तर पडद्यांचे गठ्ठे घेऊन घंटी वाजवायला वर गेले आणि बाईंनी मागचं दार उघडून पाइपांची जुडी आत सरकवायला घेतली.

जुडी अर्ध्यात अडली. बाईंनी रेटा दिला. हलेना. मग त्यांनी कंबर लावली. आत कुठेतरी 'खट्' झालं, जुडी सुरकन आत गेली, आणि तिच्यामागोमाग गाडीही निघाली.

"अगं थांब! थांब गं!" दावं सोडून पळालेल्या वासराला हाक मारावी तशा बाई गाडीला हाका मारत मागे धावल्या. त्यांच्या मागून मास्तर, चपला हातात घेऊन. गाडीला काही घाई नव्हती. ती सावकाश, सभ्यपणे उतरली, वळणावर वळायचं विसरली, आणि सलूनवाल्याच्या दर्शनी काचेत नाक खुपसून थांबली.

आत खुर्चीवर एक गृहस्थ अर्धा गाल साबण लावून बसले होते. काच त्यांच्यापासून लांब पडली. कुणाला ओरखडाही आला नाही. सलूनवाला वस्तरा हातात तसाच धरून म्हणाला, "मास्तर, नंबर लावायची ही कुठली पद्धत?"

सगळे हसले, बाई सोडून. त्या गाडीच्या मागच्या दाराला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काच नव्हती, मशीन होतं. जाड मखमल शिवणारं नवं मशीन. सभागृहाचा मोठा पडदा शिवायचं काम मिळालं होतं. जुन्या मशीनची सुई मखमलीत घुसताच मोडायची. नव्यासाठी बाईंनी घरखर्चातून ओढून ओढून पैसे बाजूला टाकले होते, आणि आठवडा संपायच्या आत ते भरले नाहीत तर मशीनही जाणार होतं आणि पडदाही. नाव नसलेल्याने चालवली तर विमा मिळत नाही. काउंटरवरची मुलगी हेच म्हणाली होती ना? आणि गाडी तर बाईंच्या कंबरेने निघाली होती. म्हणजे काच भरायची ती मशीनच्या पैशांतून.

संध्याकाळी बाईंचा धाकटा भाऊ आला. ह्याला जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय ठाऊक असतो, स्वतःच्या सोडून.

"दाजी, सोपं आहे. तुम्ही सीटवर होता. पाय सटकला. बास."

"पण मी तर घंटी वाजवत होतो."

"घंटीला कोण विचारतंय?"

"ह्यांना खोटं बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "कान लाल होतात. लग्न ठरवायला आले तेव्हा आमच्या आईने केलेला चहा आवडला म्हणाले, तेव्हापासून ठाऊक आहे मला."

"ताई, मग कानटोपी घालू दे."

मास्तर बाईंकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी बाईला दागिना केला नव्हता, आणि तिने मागितलंही काय, तर शिवणयंत्र. मग "पाय सटकला, पाय सटकला," असं ते स्वतःशीच म्हणून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या पाहणीबाई आल्या. वयाने मास्तरांच्या लेकीएवढ्या, पायात बूट, खांद्याला झोळी. गाडी तशीच नाक खुपसून उभी होती. पाहणीबाईंनी सगळीकडून फोटो काढले, खाली वाकून चाकं बघितली.

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," मास्तर म्हणाले. वारा होता म्हणून कानटोपी खरंच घातली होती.

"सीटवर होतात?"

"होतो."

"मग वरपासून इथवर येईपर्यंत ब्रेक का नाही दाबला?"

मास्तरांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने सलूनच्या पाटीकडे पाहिलं. ह्या प्रश्नाचा अभ्यास झालेला नव्हता.

सलूनवाला आतून म्हणाला, "मास्तर, तुम्ही तर मागून पळत येत होता की! चपला हातात होत्या. मला वाटलं, गाडीलाच मारताय."

"अहो, पुरे," बाई पुढे झाल्या. "ताई, मी सांगते. सीटवर कुणीच नव्हतं. हे वर दारात होते. मी मागून पाइप आत ढकलत होते. अडले, म्हणून कंबर लावली, आणि गाडी सुटली. माझं नाव कागदावर नाही, मला गाडी येत नाही. जे काय असेल ते माझ्यावर घाला. ह्यांना खोट्यात नका ओढू, ते त्यात बसत नाहीत."

मास्तरांचे कान कानटोपीतूनही लाल दिसायला लागले.

पाहणीबाईंनी पेन खिशात ठेवलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही. ढकलून दाखवा बघू."

चाकांना विटा लावल्या, गिअर रिव्हर्सला टाकला. बाईंनी जुडी सरकवली. ह्या गाडीचा गिअर दोन सीटांच्या बरोबर मधे, आणि रिव्हर्सला तो मागे झुकलेला. पाइपांनी त्याला मागून धक्का दिला आणि 'खट्' करून तो न्यूट्रलला आला. पाहणीबाईंनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः ढकलून बघितलं आणि खो खो हसत सुटल्या.

"इतकी वर्षं हे काम करतेय, पडद्याच्या पाइपने गाडी चालवलेली पहिल्यांदा बघते." मग डोळे पुसून म्हणाल्या, "मावशी, सामान भरणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. गाडी उभी कुणी केली?"

"मी," मास्तर म्हणाले. ह्या वेळी कान जागच्या जागी होते.

"हँडब्रेक लावला होता?"

"नाही. आमच्या गाडीत त्यावर पर्स असते."

"उभी केली ती तुम्ही, म्हणजे जबाबदारी तुमची. आणि तुमचं नाव कागदावर आहे, म्हणजे ह्यांची काच कंपनी भरून देईल. गाडीच्या नाकाचा खर्चही, पण त्यातला पहिला वाटा तुमचा. तो माफ व्हायचा विमा तुम्ही घेतलेला नाही."

"नाही घेतला," बाई म्हणाल्या, आणि काउंटरपासून जपून ठेवलेलं ते बघणं आता मास्तरांना दिलं.

"आणि काका," पाहणीबाई जाता जाता म्हणाल्या, "सीटवर होतो असं लिहून दिलं असतंत आणि मागून खोटं निघालं असतं, तर काच, गाडी, सगळंच तुमच्या बोकांडी बसलं असतं."

मेव्हणा तोवर चहा सांगायच्या निमित्ताने कोपऱ्यापलीकडे गेला होता.

पहिला वाटा दुकानाच्या रंगकामासाठी ठेवलेल्या पैशांतून गेला. भिंतींचे पोपडे निघालेत ते निघालेत. "भिंतीला पडदा लावू," बाई म्हणाल्या. "आपल्याला कुठे शिलाई पडते?" आणि त्याच दमात नव्या मशीनवाल्याला फोन करून, शनिवारी येते, दुसऱ्या कुणाला दाखवूही नका, म्हणून बजावलं.

सलूनवाल्याची अडचण मात्र वेगळीच निघाली. नवी काच यायला वेळ होता आणि दुकान सताड उघडं. "मास्तर, येणारा जाणारा बघत उभा राहतो हो! गिऱ्हाईक लाजतं. कालचे ते गृहस्थ उरलेला गाल घरी जाऊन करतो म्हणाले."

"काच येईपर्यंत पडदा देतो," मास्तर म्हणाले. "माप घेऊ द्या."

"वाऱ्याने उडेल."

"तुम्ही माप घेऊ द्या हो."

दुपारी म्हातारी तयार होत आल्याचा गॅरेजातून निरोप आला. हँडब्रेकही करून घ्या, असं बाईंनी फोनवरच सांगून टाकलं.

"मग पर्स कुठे अडकवशील?" मास्तरांनी टाचण्यांमधून विचारलं.

"तुमच्या कानाला."

मास्तर टेबलाशी वळले. सलूनच्या पडद्याची खालची दुमड त्यांनी जरा रुंद घेतली, वाऱ्याला पुरून उरतील अशी शिशाची वजनं तिच्यात एकेक सारली, आणि मान खाली घालून तुरपाई घालायला लागले.