माझ्या हिश्श्याचा डॉक्टर

पास होण्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि हा गृहस्थ बेधडक ओ देई. सन तीसच्या आगेमागे तो मुंबईला डॉक्टरकी शिकत होता. सुट्टीला वाडीत आला की अंगणात दुखणेकऱ्यांची रांग लागे. पहिल्याच सुट्टीत एका म्हातारीने पोट दाखवलं, तर म्हणाला, "आत्ये, यंदा नुसती हाडं शिकवलीत गो. पोट पुढल्या साली." म्हातारी पुढल्या साली पोट घेऊन हजर! फीला तिच्याही घरचा हातभार होता ना.

कुडपणच्या अंगाची ती डोंगरवाडी. गावकीने ठरवलं होतं, दर घराने हिरड्याची एक पाटी डॉक्टरच्या शिक्षणाला द्यायची. तो हिरडा महाडात माझ्या वखारीत येई. मी डोक्यावर ओझी वाहून व्यापारी झालेला माणूस. भाव पाडल्याशिवाय मला जेवण पचत नसे. पण सुट्टीत डॉक्टर स्वतः घासाघीस करायला उतरे. मी ओरडू लागलो की माझं मनगट धरून शांतपणे म्हणे, "शेट, नाडी फार उडतेय. भाव वाढवा, उतरेल."

तरी फी पुरेना. उरलेली अर्धी मी भरली, एका अटीवर: दवाखाना माझ्या वखारीच्या पुढल्या खोलीत काढायचा. दवाखान्यापाठोपाठ गिऱ्हाईक येतं, एवढं मला कळत होतं. तो "बघू" म्हणाला. नुसत्या "बघू"वर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला पैसे दिले नाहीत.

तो पास झाला. मी खोलीला चुना लावला, बाकडं करवून घेतलं. तोच वाडीतून निरोप आला, डॉक्टर आमचा. मी तणतणत डोंगर चढलो. देवळात गावकी बसली होती.

"अर्धी फी तुमची, मान्य हाय," वाडीचे पाटील म्हणाले. "म्हंजे अर्धा डॉक्टर तुमचा. कुठला अर्धा नेताव?"

"वरचा!" मी रागाच्या भरात म्हणालो. "डोकं, हात, सगळी विद्या!"

"न्या की. पाय आमचे. ते काय वाडी सोडायचे नाय."

देवळात हशा पिकला. डॉक्टरही हसला, आणि माझा खरा राग त्या हसण्यावरच आहे. "तू तरी बोल की!" मी ओरडलो.

"काय बोलू शेट? तोंड तुमच्या हिश्श्यात गेलं."

मला पोचवायला तो अर्ध्या उतारापर्यंत आला. तिथे म्हणाला, "महाडच्या माणसाला डॉक्टर मिळतो, शेट. इथून डोलीत घालून खाली न्यायचं, तर माणूस वाटेतच जातो. माझा बाप असाच गेला." मी बाकड्याचा खर्च तेवढा ऐकवला.

पुढे माझी सून बाळंतपणात अडली, महाडच्या डॉक्टरांनी हात टेकले. निरोप पोचताच डॉक्टर पोलादपूरपर्यंत पायी धावत आला, तिथून मोटारीने महाडात. मागोमाग पाटीलही. आतून नातवाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा पाटील ओटीवर टेकत म्हणाले, "शेट, पाय उसने दिलेत हां. उद्या परत पायजेत."

सुनेच्या अंगात अजून कसर आहे असं सांगून मी ते पाय आणखी दोन दिवस ठेवून घेतले.