निषेधआप्पांचा बिनतारखेचा कागद

जगात कुठेही अन्याय झाला की चोवीस तासांच्या आत आप्पांचा निषेध तयार असायचा. सदऱ्याच्या वरच्या खिशात घडी घातलेलं लेटरपॅड, खालच्या खिशात शिक्का आणि शाईची डबी. ज्या देशाचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं त्या देशाच्या सरकारचाही त्यांनी तीव्र शब्दांत धिक्कार केलेला मी पाहिला आहे. मांडवगण फराट्याच्या पलीकडे भीमेच्या काठी त्यांचा ऊस होता आणि ‘भीमातीर जागृती मंच’ नावाची एक संस्था होती. तिचे अध्यक्ष तेच आणि सरचिटणीसही तेच. “आपण गप बसलो तर जग काय म्हणंल?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जगाने काही म्हटल्याचं माझ्या कानावर नाही, पण शिरूर-दौंडात त्यांना सगळे निषेधआप्पा म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं.

मी मंडपवाला. सायकलच्या कॅरिअरला चार-चार खुर्च्या बांधून धंदा सुरू केला, आज दारात दोन टेम्पो आहेत. माझा स्वभाव तापट आहे आणि भाव करताना मी कुणाला सोडत नाही. आप्पा मात्र मला पुरून उरायचे. भाव पाडायचा असला की मी ‘इक्बालशेठ’, एरवी ‘ए मंडपवाल्या’. म्हणायचे, “इक्बालशेठ, अन्यायाचं काम हाय, त्यात नफा बघू नका.” मी म्हणायचो, “आप्पा, अन्याय अमेरिकेत होवो नाहीतर आफ्रिकेत, भरपाई दर वेळी माझ्याकडूनच का?” मग पोट धरून हसायचे आणि मी सांगितलेलाच भाव कबूल करायचे. माझ्याकडे एकूण चाळीस खुर्च्या होत्या तेव्हा पहिलं काम त्यांनीच दिलं होतं, हे मी विसरलेलो नाही. दुसरी गोष्टही विसरलेलो नाही. अठरा वर्षं त्यांच्या प्रत्येक व्यासपीठाच्या फळ्या मी ठोकल्या, पण वर बसायला मला कधी कुणी बोलावलं नाही. आभार मानताना ‘ज्ञात-अज्ञात’ म्हणतात ना, त्यातल्या अज्ञातांत मी.

खुर्च्या मोजून मला आप्पांचा एक हिशेब कळला होता. अन्याय साता समुद्रापलीकडचा असला तर दोनशे खुर्च्या लागत. दिल्लीतला असला तर शंभर. तालुक्यातला असला तर पन्नास, आणि त्याही मागच्या रांगेपासून भरायच्या. गावातल्या अन्यायाला मात्र माझी एकही खुर्ची कधी गेली नाही. तो पारावर बसून, तंबाखू मळता मळता, आपसांत मिटायचा. अंतर वाढेल तसा आप्पांचा आवाज चढायचा.

माझ्याकडे सुरमल नावाचा गडी होता, अजून आहे. नदीकडच्या पारधी वस्तीवरचा. बांबू पुरणं, ताडपत्री ताणणं, खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन चालणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आप्पांचं त्याच्याशी चांगलं होतं. “सुरमल जेवला का?” असं विचारल्याशिवाय स्वतः ताटावर बसायचे नाहीत. फक्त त्यांच्या घरी चहा आला की आम्हाला स्टीलच्या पेल्यात आणि सुरमलला कागदी कपात. मी एकदा विचारलं, तर आप्पा म्हणाले, “कोरोनापासनं तसं चालू हाय.” सगळ्या गावाचा कोरोना संपला, सुरमलचा तेवढा राहिला.

कोरोना ओसरल्यानंतरचीच गोष्ट. अमेरिकेत पोलिसांनी एका काळ्या माणसाला रस्त्यावर पालथं पाडलं आणि तो मेला, असा एक व्हिडिओ आप्पांच्या मोबाइलवर आला. तसल्या बातम्या तिकडून अधूनमधून येतच होत्या, ही त्यातली एक. मी सभेच्या मंडपाची मापं घ्यायला गेलो होतो. ओसरीवर बसून आप्पा तो व्हिडिओ परत परत लावत होते आणि दर वेळी उपरण्याने डोळे पुसत होते. ते ढोंग नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या टेक्सासमधल्या पुतण्याचा फोन आला. आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण अमेरिकेचा फोन चार लोकांनी ऐकावा असं त्यांना वाटायचं.

“काका, तुम्ही नका या भानगडीत पडू. इथली ती लोकं तसलीच असतात. त्यांच्या एरियातून जाताना आम्ही गाडीच्या काचा खाली करत नाही.”

“तसलीच म्हंजी कसली रं?”

“तुम्हाला तिथं बसून नाही कळणार, काका.”

“मग सांग की कळंल असं! तू त्याला वळखत हुतास? त्यानं काय केलं हुतं बघितलंस? तसलीच म्हंजी कसली?”

पुतण्याने फोन ठेवला. आप्पा लालबुंद झाले होते. त्या दिवशी मला ते फार आवडले आणि मी आपण होऊन भाव उतरवला. असं मी सहसा करत नाही.

निषेध सभा शनिवारी दुपारी चारला ठरली. फ्लेक्सवर आप्पांचा आणि सतरा मान्यवरांचा हात जोडलेला फोटो होता, कोपऱ्यात तो मेलेला माणूस. फ्लेक्सवाल्या पोराला सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे उजळायची सवय. त्याने हातासरशी त्याही चेहऱ्याला पावडर फासल्यासारखं केलं. फ्लेक्स बांधताना सुरमल बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मालक, ह्यो तर आपल्या पतसंस्थेच्या मॅनेजरवानी दिसतुया. ह्याला कशापायी मारलं?” मी म्हटलं, “आधी काळा होता.”

दुसरी गंमत प्रमुख पाहुण्यांची. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला ठाण्याची परवानगी लागते, आणि परवानगी देणाऱ्या साहेबांना प्रमुख पाहुणे करून शाल-श्रीफळ द्यायचं, हा रिवाज. हळदीकुंकू असो, कुस्त्या असोत, आप्पा तो मोडत नसत. त्यामुळे पोलिसांच्या अत्याचाराच्या निषेधाला फौजदार साहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले. आप्पांनी त्यांना शाल घातली. साहेब म्हणाले, “तिकडच्या पोलिसांनी आपल्याकडं येऊन ट्रेनिंग घ्यावं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी आप्पांनी जाहीर केलं, की परदेशात निषेध म्हणून एक गुडघा टेकतात, तसा आपणही एक मिनिट टेकू. ऊस तोडून आणि पाणी धरून झिजलेले ते गुडघे. टेकायला टेकले, पण मिनिट संपलं तरी कुणाला उठता येईना. “आरं धरा रं!” “माझा पाय गेला!” अशी आरोळी उठली. नदीवरून वारा सुटला होता, म्हणून सुरमल चार वाजल्यापासून फ्लेक्सचा बांबू धरून उभा होता. त्याने एका हाताने बांबू धरला आणि दुसऱ्या हाताने व्यासपीठावरच्या एकेकाला उचलून उभं केलं. आप्पांना सगळ्यात शेवटी. अंधार पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

नेमकी त्याच वेळात नदीवरची आप्पांची पाण्याची मोटर चोरीला गेली. चार वाजता त्यांच्या गड्याने मोटर बंद केली आणि तो सभेला आला. सात वाजता बघतो तर नुसते बोल्ट. सगळा गाव अमेरिकेच्या दुःखात होता, चोराला सवड मिळाली.

सकाळी आप्पा तक्रार द्यायला गेले. तिथे ठरलेला प्रश्न, “कुणावर संशय?” आणि आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं उत्तर, “वस्तीवरच्यांशिवाय कोण?” हवालदार म्हणाला, नाव सांगा. वस्तीवर शंभर माणसं राहतात. त्यांतल्या एकाचंच नाव आप्पांना माहीत होतं.

सुरमलला दुपारी उचललं. त्याची बायको माझ्या गोदामात येऊन बसली. रडत नव्हती. “शेठ, मोटर निघाली न्हाई तरी त्ये कबूल करतील. तळपायावर मारत्यात. कबूल केलं म्हंजी झालं. तुमी जावा,” एवढंच म्हणाली. मी तडक आप्पांच्या ओसरीवर गेलो.

“आप्पा, सुरमल तुमच्या पाठीशी बांबू धरून उभा होता.”

“असंल. मला पाठीला डोळं हायत व्हय?”

मी मोबाइल काढला. मंचाने टाकलेल्या प्रत्येक फोटोत आप्पांच्या डाव्या खांद्यामागे बांबू होता आणि बांबूवर हात.

“हात दिसतुय नुसता,” आप्पा म्हणाले.

“त्याच हाताने तुम्हाला उठवलं!”

“ए, आवाज खाली. तुला कळत न्हाई, इक्बाल. अमेरिकेचा प्रश्न रंगाचा हाय. हितं तसलं काय न्हाई, हितं सगळी एकाच रंगाची. हितं ह्यांची सवयच तसली.” पुढचं त्यांनी हळू सांगितलं. “आन् साहेबांना कालच शाल घातली. आज कोणत्या तोंडानं जाऊ?”

मी नको ते बोललो. आईबाप सोडून सगळं काढलं. मग डोकं शांत केलं आणि भाव करायला बसलो, कारण मला तेच येतं. म्हटलं, “तक्रार मागे घेऊ नका. सही करू नका. नुसते ठाण्याच्या फाटकापर्यंत चला. टेम्पोतून उतरूसुद्धा नका.” फाटकापर्यंत आलेला माणूस आत जातोच, हा माझा धंद्यातला अनुभव.

आत साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर आप्पांचीच शाल टाकलेली होती. साहेबांनी चहा मागवला. “आप्पा, तुम्ही साधी माणसं. दोन दिवसांत मोटर काढून देतो. ही लोकं तसलीच असतात.”

आप्पा चहाच्या पेल्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दोघांनी सुरमलला काखेत धरून आणलं. त्याला पाऊल टेकवत नव्हतं. त्याने आधी आप्पांना पाहिलं, मला नाही. म्हणाला, “आप्पा, म्या बांबू सोडला न्हवता. इचारा मालकाला. फ्लेक्स पडला असता तर तुमाला लागलं असतं.”

आप्पांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. “साहेब, तसलीच म्हंजी कसली?”

“काय म्हणालात?”

“तसलीच म्हंजी कसली, ते इचारतुय.”

साहेबांनी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. आप्पांनी खिशातलं लेटरपॅड काढलं. सवयीने ‘जाहीर निषेध’ लिहिलं, खोडलं, आणि खाली लिहिलं, की सदर इसम चार ते सात माझ्या पाठीशी उभा होता, मी त्याचं नाव चुकून दिलं. सही केली. शिक्का मारला. सुरमल संध्याकाळी घरी गेला. उजवा पाय तेव्हापासून ओढतो. मोटर आजवर सापडली नाही.

परतताना टेम्पोत आप्पा म्हणाले, “गावात बोलू नको.” माझं डोकं परत फिरलं. म्हटलं, “घ्या ना सभा! सुरमलसाठी घ्या. मंडप फुकट, खुर्च्या फुकट.” फुकट हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. आप्पांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, “अमेरिकेला माझं तोंड दिसत न्हाई, इक्बाल. गावाला दिसतं.” सभा त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. माझा त्यांच्यावरचा राग तो आहे. व्यासपीठाचा नाही, कुणी काही म्हणो.

पण आठवड्याने त्यांनी सुरमलला घरी बोलावलं. चहा स्टीलच्या पेल्यात होता आणि तो आप्पा स्वतः घेऊन आले. बरोबर लेटरपॅडचा एक कागद. ‘सदर इसम नामे सुरमल हा घटनेच्या वेळी माझ्यासोबत हजर होता. तरी त्यास त्रास देऊ नये.’ मी वाचून म्हटलं, “आप्पा, तारीख राहिली. आणि कोणती घटना, तेही राहिलं.”

“ऱ्हायलं न्हाई. तारीख टाकली तर एकदाच चालंल. ह्यांचं काय एकदाच असतं व्हय?”

आयुष्यभर सगळ्या जगाला खरं सांगत फिरलेल्या माणसाने तेवढा एक खोटा कागद लिहिला. मी तो दौंडला नेऊन लॅमिनेट करून आणला. पुढे दोनदा वस्तीवर गाडी आली, दोन्ही वेळा सुरमलने कागद दाखवला आणि गाडी परत गेली. आप्पांना ठाण्यातून फोन जायचा, ते ओरडायचे, “लिहिलंय त्ये वाचा की!”

गेल्या वर्षी आप्पा गेले. रानातून आले, ओसरीवर बसले आणि तसेच कलंडले. नदीकाठी लाकडं सुरमलने रचली. चौथ्या दिवशी शोकसभा झाली, मंडप माझाच. पाच जण अमेरिकेवरच्या त्या सभेबद्दल बोलले. ठाण्यात खोडून लिहिलेल्या कागदाबद्दल कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. मी खाली साउंडजवळ उभा होतो. त्याच दुपारी वडगाव रासाईच्या बाजूला आणखी एक मोटर गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी थेट माझ्या गोदामावर आली. सुरमलने कागद पुढे केला. हवालदाराने वाचला, उलटून पाहिला. “आप्पांना जाऊन पाच दिवस झाले की रं.”

“व्हय साहेब,” सुरमल म्हणाला. “पर काल बी म्या त्यांच्याच कामाला हुतो.”

हवालदाराने कागद परत दिला आणि त्याला गाडीत बसवलं. मी टेम्पो घेऊन मागोमाग गेलो. साहेब आता नवे होते, आदल्या दिवशी शोकसभेत पहिल्या रांगेत बसलेले. म्हटलं, “साहेब, तुम्ही बसलात ती खुर्ची यानेच पुसली होती.” साहेब म्हणाले, “लेखी देता?” मी कोरा कागद मागून तिथेच लिहून दिलं. त्यांनी तो दोन बोटांत धरून वरखाली बघितला. “तुम्ही कोण? अध्यक्ष, सचिव, काय?” मी म्हटलं, मंडपवाला. त्यावर ते हसले. सुरमलला सोडलं, पण दिवेलागणीला, आणि तोवर आत काय झालं ते तो सांगत नाही.

त्याच आठवड्यात शिरूरला जाऊन मी माझ्या नावाचं लेटरपॅड छापायला टाकलं आणि शिक्काही करायला दिला. छापखानेवाल्याने जो भाव सांगितला तो दिला. तो दचकून माझ्याकडे बघायला लागला. मग विचारलं, “शेठ, नावाखाली हुद्दा काय टाकू?”

म्हटलं, हुद्द्याची जागा मोकळी ठेव. तारखेचीसुद्धा.