बटण, बटण, बटण

अन्याय झाला आमच्या शेजारच्या काकूंवर. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, धायरीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात.

काकूंना दिसत नाही. कॉम्प्युटरवरचा मजकूर त्यांना स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. त्याच्या जोरावर वीजबिलापासून डॉक्टरांच्या वेळेपर्यंत सगळं त्या स्वतः करायच्या. मग हॉस्पिटलनं वेबसाइट नवी केली. बटणांवरचे शब्द काढून चित्रं बसवली आणि चित्रांना नावं दिलीच नाहीत. स्क्रीन रीडर नुसता म्हणत राहिला, "बटण. बटण. बटण."

शेवटी काकूंनी वरच्या मजल्यावरच्या काकांना डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं. त्यांनी मोबाइलवर साइट उघडली आणि कठड्यावरून खाली ओरडून विचारलं, "अहो, स्त्रीरोगच ना? दाबू?"

संध्याकाळपर्यंत निम्मी इमारत तब्येतीची चौकशी करून गेली.

"रिपोर्ट आला की सोसायटीच्या फलकावरच लावते," काकू मला म्हणाल्या. "लोकांना उगाच जिने चढायला नकोत." त्या हसल्या नाहीत.

मी हॉस्पिटलला फोन केला. "मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही." अहो, ज्यांना बटणच सापडत नाही त्यांनी तक्रारीचं बटण कुठून शोधायचं?

मग मी काकूंच्या कॉम्प्युटरसाठी त्या वेबसाइटचं एक डेस्कटॉप ॲप बनवलं. आत साइट तीच. फक्त पान उघडलं की माझा चार ओळींचा जावास्क्रिप्ट कोड चालतो आणि प्रत्येक बटणाला त्याचं नाव चिकटवतो. काकूंनी ॲप उघडलं. "विभाग निवडा," स्क्रीन रीडर म्हणाला. "तारीख निवडा."

काकूंचा हात थांबला.

"आता तू बाहेर जा," त्या म्हणाल्या.

मी गेले. दार ओढून घेतलं. आजवर चळवळीच्या किती पत्रकांत मी 'हक्क' हा शब्द छापला असेल. तो मला त्या बंद दाराबाहेर उभं राहून कळला.

पण माझी दुरुस्ती त्या ॲपच्या एका खिडकीपुरतीच. हॉस्पिटलनं साइटमध्ये जरा काही हलवलं की नावं गळून पडतात, आणि मी पुन्हा चिकटवायला बसते. बाकी शहरात अजूनही "बटण, बटण"च चाललंय.

तुमच्या दुकानाची, दवाखान्याची, शाळेची वेबसाइट असेल, तर आजच स्क्रीन रीडर लावा, डोळे मिटा आणि ती ऐका. जिथे नुसतं "बटण" ऐकू येईल, तिथे नाव घाला. आजच.