आतून गोठलेली काच

आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या कॉलनीत घरटी एक गॅरेज आहे, पण त्यात गाडी कोणाचीच नसते. इंडियाहून आणलेल्या बॅगा, मुलांच्या सायकली आणि तांदळाची पोती असतात. गाड्या बाहेर. त्यामुळे थंडी पडली की सकाळी सगळ्या जणी आपापल्या काचा खरवडत उभ्या, आणि खरवडता खरवडता गप्पा. उन्हाळ्यात कोणी कोणाला दिसत नाही. आमच्याकडचे सगळे किस्से असे थंडीतच साठलेत. सांगताना आता हसू येतं. घडत होते तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

कारण मला गाडी चालवायची हौस नव्हती. आमच्या ह्यांची डेटा सेंटरमध्ये पहाटेची शिफ्ट, आणि ओवीच्या प्रीस्कूलला बस नाही. मधे तो मोठा रस्ता, त्यावर भरधाव ट्रक. लायसन्स काढलं ते फक्त तेवढा रस्ता ओलांडायला. समोरचं दिसत असलं तर मी जाते. काच जरा धूसर झाली की गाडी कडेला घेते. मागे माझी पोर बसलेली असते ना.

*

पहिल्याच थंडीतली गोष्ट. मी स्क्रेपरने काच खरवडतेय, खरवडतेय. खांदे भरून आले, पण बर्फ काही हलेना. शेजारच्या पल्लवीताई ऑफिसला निघाल्या होत्या. त्या पुण्याच्या, आयटीवाल्या, एकदम धीट. त्यांनी हातमोजा काढला, काचेवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अश्विनी, बाहेर काहीच नाहीये गं. बर्फ आत आहे."

मी घाबरून दोन पावलं मागे सरकले. बंद गाडीत बर्फ शिरला कुठून?

संध्याकाळी ह्यांनी समजावलं. बुटांना लागलेला बर्फ मॅटवर वितळतो. ते पाणी, ओले कोट, आपला श्वास, सगळी वाफ रात्री काचेवर जाऊन गोठते. मी विचारलं, म्हणजे काल आपण गाडीत जे बोललो, ते आज काचेवर बसलंय?

हे म्हणाले, "हो. जास्त तुझंच आहे."

*

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. गाडीत बसण्याआधी बूट एकमेकांवर आपटायचे, आणि घरी आल्यावर मॅट काढून बाथटबमध्ये वाळत टाकायच्या. ओवीला आंघोळीला नेलं की ती मॅट बघून विचारायची, "मम्मी, इज द कार डर्टी टू?"

पल्लवीताईंना एवढा धीर नव्हता. एकदा सकाळी त्यांची मीटिंग होती. त्यांनी घरातून लांबलचक एक्स्टेन्शनची वायर काढली आणि गाडीत बसून हेअर ड्रायरने काच वाळवायला लागल्या. समोरच्या घरातले म्हातारे अमेरिकन आजोबा कुत्र्याला घेऊन चालले होते. ते थांबले, बराच वेळ बघत राहिले. मग काचेवर टकटक करून अगदी काळजीने म्हणाले की घरात हीटिंग बंद पडलं असेल तर आमच्याकडे या, केस वाळवायला.

*

सुलभाकाकू नागपूरच्या. मुलगा-सुनेकडे राहतात. त्यांच्या मुलाने कुठेतरी वाचलं की मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती माती मोज्यात भरून गाडीत ठेवायची, ती ओल ओढून घेते. काकूंना ते ऐकूनच शिसारी आली. म्हणाल्या, मांजराची माती गाडीतल्या देवाच्या फोटोखाली? त्यांनी मुलाचे ऑफिसचे मोजे घेतले, तांदूळ भरले, गाठी मारल्या आणि डॅशबोर्डवर ओळीने मांडले. मलाही एक जोडी दिली. मी भीतीने आणखी दोन जोड्या भरून घेतल्या. ओल किती ओढली ते देव जाणे, पण मोजे गाडीत आहेत म्हटलं की मला बरं वाटायचं.

थंडी सरत आली तेव्हा काकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मसालेभात उत्तम झाला होता. पल्लवीताईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि विचारलं, काकू, तांदूळ कुठला हो, किती मोकळा झालाय?

काकू म्हणाल्या, "जुनाच तं आहे. हिवाळाभर कोरडा ठेवला होता नं."

सगळ्यांनी एकदम कोशिंबीर वाढून घेतली.

*

पण खरी भीती मी बघितली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना. पल्लवीताई गाडी चालवत होत्या, शेजारी सुलभाकाकू. मागे मी आणि ओवी, आणि माझ्या पायांशी गरम कढीचं मोठं पातेलं. सगळ्यांचे कोट बर्फाने भिजलेले. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून पल्लवीताईंनी बाहेरची हवा बंद करणारं बटण दाबून ठेवलं होतं.

कॉलनीच्या बाहेर पडलो आणि समोरची काच पांढरी व्हायला लागली. आधी कडेने, मग एकदम सगळी. त्याच मोठ्या रस्त्यावर. कुठूनतरी ट्रकचा हॉर्न येत होता, पण तो कुठल्या बाजूला आहे ते दिसत नव्हतं. पल्लवीताई एका हाताने पैठणीच्या पदराने काच पुसत होत्या. मी ओवीवर आडवी झाले. सुलभाकाकूंनी डोळे मिटून मोठमोठ्याने स्तोत्र सुरू केलं.

"काकू, मनात म्हणा!" पल्लवीताई ओरडल्या. "तुमच्या वाफेने दिसत नाहीये!"

काकू तोंडाला पदर लावून गप्प झाल्या. मीही श्वास रोखून धरला. मी ओवीला सांगितलं, बाळा, तोंड बंद, अजिबात बोलायचं नाही, नाहीतर मावशीला रस्ता दिसणार नाही. एका पेट्रोल पंपावर गाडी लागेपर्यंत आम्ही सगळ्या तोंड मिटून बसलो होतो. तिथे मी ह्यांना स्पीकरवर फोन लावला. हे म्हणाले, एसी लावा. पल्लवीताई म्हणाल्या, भाऊजी, बर्फ पडतोय हो. हे म्हणाले, एसी हवा कोरडी करतो. हीटर चालू, एसी चालू, बाहेरची हवा अडवून आतलीच फिरवणारं ते बटण बंद, आणि खिडकीची काच बोटभर खाली.

दोन मिनिटांत रस्ता दिसायला लागला. काकूंनी पदर काढला आणि स्तोत्र जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

*

आता मला सगळं येतं. मॅट कोरड्या असतात, एसी लावते, काच बोटभर उघडी ठेवते. तरी त्या रस्त्याशी आलं की दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरतेच.

मागच्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. ओवीला सोडायला निघाले. काच इतकी स्वच्छ की मलाच नवल वाटलं. पलीकडच्या झाडांच्या फांद्यासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. मी खुशीत मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला थांबले आणि आरशात बघितलं.

ओवीचे दोन्ही हात तोंडावर. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी.

मी किंचाळले. तिने एकदम श्वास सोडला आणि धापा टाकायला लागली. मी सिग्नल सुटताच पलीकडे गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन तिला पट्ट्यातून सोडवलं, पोटाशी धरलं. रोजच करतेस का, विचारलं. तिने मान डोलावली. म्हणाली, फक्त बिग रोडला.

मी गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या. गार वारं आत घुसलं. तिला म्हटलं, बाळा, शाळेत शिकवलेलं गाणं म्हण बघू, मोठ्याने. शाळा येईपर्यंत म्हणत राहा.

तिने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या काचेकडे बघितलं. आणि तोंडावर हात ठेवूनच हळूच म्हणाली,

"बट मम्मी, देन यू कान्ट सी."