शेंदूर फासलेली हद्द

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि त्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. गाव कोणतं, माणसं कोण, ते सांगत नाही. त्यांची नातवंडं आज तिथेच नांदतात.

गावातून एक नाला जायचा. एका काठाला गावातल्या बड्या ठेकेदाराची जागा, समोरच्या सखल काठाला बौद्ध मजुरांची वस्ती. नगरपालिकेचा नियम होता, की नाल्याच्या हद्दीच्या दगडापासून ठरावीक अंतरात कुणी बांधकाम करायचं नाही. नाला आवळला तर पाणी समोरच्या घरांत शिरणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एका सकाळी वस्तीतले एक म्हातारे गवंडी ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, ठेकेदाराच्या बाजूचा हद्दीचा दगड गायब झाला."

माझा हवालदार हसला. "काहो बाबा, तो तर आसरामायचा दगड. तुमचा त्या देवाशी काय संबंध?"

धुणं धुणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षं शेंदूर फासून त्या दगडाची पाण्याची देवी करून टाकली होती, म्हणून तो असं बोलला. म्हातारबा शांतपणे म्हणाले, "आमी त्याले देव नाई मानत, पन हद्द मानतो. पावसाळ्यात आमची घरं त्याच्याच भरवशावर हायेत."

हवालदाराने नोंदवही पुढे ओढली.

हद्दीची खूण हलवण्याचा गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटची परवानगी काढून तपास सुरू केला. ठेकेदार मिशीवर ताव देत म्हणाला, "पुरात वाहून गेला असन." भर उन्हाळ्यात पूर!

खबर आणली बाजारातल्या नारळवाल्याने. तो आमचा जुना खबऱ्या. "साहेब, ठेकेदाराच्या मळ्यात नवा देव बसला. मालकीण दर शुक्रवारी नारळ नेऊन राह्यली." मी ठेकेदाराच्या गाडीवानाला बोलावलं. मारझोडीची गरजच पडली नाही. चहा पाजला अन् विचारलं, "काहून रे, देव एकटाच चालत गेला का मळ्यात?"

तो ढसाढसा रडायला लागला. "मालक म्हने विहिरीत टाक. म्या म्हटलं, तुमीच टाका, माहे लेकरं लहान हायेत. मंग मालकाचाबी हात धजला नाई. म्हने, ने मळ्यात, निंबाखाली बसव."

साधा दगड असता, तर कधीच विहिरीच्या तळाशी गेला असता अन् मी हात चोळत बसलो असतो.

पंचनाम्याला वेगळंच नाटक. शेंदूर खरवडायला एकही पंच पुढे येईना, हवालदार तर पार बांधावर जाऊन उभा. म्हातारबा पुढे झाले, तर पंच ओरडले, "तुमी हात नका लावू!" देव चोरून आणलेला चालतो, यांचा हात चालत नाही! माझं टाळकंच सरकलं. मीच सुरी घेतली. शेंदराच्या पापुद्र्याखाली मोजणीवाल्यांनी कोरलेली फुली निघाली. ठेकेदार मान खाली घालून म्हणाला, "देवाले विहिरीत टाकता येते काय, साहेब?"

मी खूश होतो. खटला चालवायचा, दगड जागेवर बसवायचा, झालं. कसलं काय! दोषारोपपत्र कोर्टात जायच्या आधीच नगरपालिकेने नियम सुधारला. सुधारला म्हणे! यापुढे अंतर दगडापासून नाही, वाहत्या पाण्याच्या काठापासून मोजायचं; आणि मोजायचं उन्हाळ्यात, जेव्हा त्या नाल्यात धड बैल धुवायला पाणी नसतं. ठराव एकमताने मंजूर. कोर्टात ठेकेदाराला किरकोळ दंड झाला, तो त्याने हसत भरला. दगड पुन्हा जागेवर बसला आणि त्याच्याही पुढे, पार नाल्यात, ठेकेदाराची भिंत उभी राहिली. नियमानुसार.

पुढच्या पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरलं. म्हातारबांचं घर बसलं. जीव तेवढे वाचले. ते चिखलाने माखलेले ठाण्यात आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "साहेब, दगड चोरला तवा तुमी चोर धरला. आता हद्दच चोरली. लिहा फिर्याद."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो. चोर कशाला तरी भितो आणि तिथेच सापडतो. ठेकेदार देवाला भ्याला, म्हणून घावला. भरदिवसा नगरपालिकेच्या सभेत हात वर करणाऱ्यांना भ्यायचं कारणच नव्हतं. त्यांनी काही चोरलं नव्हतं, नियम केला होता.

तरी मी कागद ओढला. फिर्यादीचं नाव लिहिलं, गुन्ह्याची जागा लिहिली. आरोपीच्या नावापाशी पेन थांबला, तो थांबलाच. म्हातारबा समोर उभेच होते.